उंदीर आमच्या घरात पडला होता

निजामाचं राज्य होतं आणि माझ्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. झरीच्या अलीकडे आमचं गाव. माघात एका पहाटे दळणासाठी ज्वारी काढायला गेले, तर कणगीमागे मेलेला उंदीर दिसला. अंगावर जखम नव्हती. उंदीर पडला म्हणजे गाठीचा ताप, प्लेग आला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग घराचं छप्पर उघडायचं आणि सगळ्या गावानं रानात झोपड्या घालून राहायचं, अशी रीत होती.

पण चार दिवसांवर नणंदेची हळद होती. तिचं लग्न आधी एकदा मोडलेलं. मी कुणालाच हाक मारली नाही. चिमट्यानं उंदीर उचलला, फुटक्या टोपल्यात राखेखाली घातला आणि परसाच्या कुंपणापलीकडे फेकून दिला.

कुंपणापलीकडे एका धनगराचा मेंढवाडा होता. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेलं ते कुटुंब दोनच दिवसांपूर्वी परतलं होतं. उंदीर त्यांच्या वाड्याला लागून सापडला. ‘यांनीच बाहेरून रोग आणला,’ असं एकजण म्हणाला आणि दुपारपर्यंत सारा गाव तेच म्हणू लागला. त्यांचं खोपट मोडलं, त्यांना ओढ्यापलीकडच्या माळावर घालवलं आणि विहिरीचं पाणी तोडलं. उंदीर कुणाच्या घरात पडला नव्हता, म्हणून गाव मात्र रानात गेलं नाही. धनगरणीच्या अंगावर महिन्याभराची लेक होती. मी दारात उभी राहून सगळं बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्याच्या काठाशी येऊन ओरडत होती. “माय, कुणीतरी ववा द्या गं! निखारा द्या! लेकराची छाती भरलीय!”

मी अंगणात लग्नाचे तांदूळ निवडत होते. ओवा आमच्या घरात होता. मी उठले नाही. उठले तर तोंडातून सगळं निघून जाईल, अशी भीती वाटली. थोड्या वेळानं आवाज थांबला.

हळद लागली, लग्न झालं. पुढच्या आठवड्यात गावात घरोघर उंदीर पडले. सगळे रानात जाईपर्यंत बरीच माणसं गेली. त्याचाही दोष धनगरांवरच गेला. ताप सरला, गाव परत आलं, ते मात्र माळावरच राहिले. ओढ्याच्या वाळूत झिरा खोदून पाणी भरायचे.

पाच वर्षं गेली. मला मुलगी झाली. तिला खोकला झाला की मी छाती शेकायला ओवा भाजायचे आणि तवा तसाच सोडून दारात जाऊन उभी राहायचे. मालक विचारायचे, काय झालं? मी म्हणायचे, धूर गेला डोळ्यात.

त्या वर्षी खतासाठी मालकांनी धनगरांची मेंढरं आमच्या शेतात बसवली. दुपारी भाकरी घेऊन मी गेले. धनगरीण एकटीच होती, कोकराला आईखाली लावत होती. मी भाकरी ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, “त्यो उंदीर आमच्या घरातला व्हता. मी टाकला.”

तिनं कोकरू सोडलं नाही. त्याच्याकडे बघतच म्हणाली, “माझी लेक तापानं न्हाई गेली. गारठ्यानं गेली.”

“ठाव हाय मला.”

“मंग मला कामून सांगायलीस? तुझं मन हलकं व्हावं म्हणून?” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “मी काय करू त्याचं? पाणवठ्यावर सांग. गावाला सांग.”

भाकरीला तिनं हात लावला नाही.

घरी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “बहिणीच्या सासरी कळंल.” एवढंच. नको म्हणाले नाहीत. तरी मला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी सकाळी भरल्या विहिरीवर, सगळ्या बायकांपुढं मी बोलले. राहाट थांबले.

एक म्हातारी होती. तिचा तरणा मुलगा त्या तापात गेला होता. ती माझ्याजवळ आली. “त्याच दिशी बोलली असतीस,” ती म्हणाली, “तर आमी आठ दिस आधी रानात गेलो असतो. माझं पोरगं वाचलं असतं.”

पाच वर्षांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी एकाच लेकराचं पाप वाहत होते.

चार कर्त्या माणसांनी माळावर जाऊन धनगरांना परत आणलं. आणि विहिरीवर माझ्या घागरीपासून बायका आपल्या घागरी लांब ठेवू लागल्या. कुणी बोलेना. मी उन्हं चढल्यावर, एकटीच पाण्याला जायचे.

एके दिवशी धनगरीण मुद्दाम त्याच वेळी आली. पाठोपाठ ती म्हातारीही आली आणि मला बघून मागं वळली. धनगरणीनं तिला हाक दिली. “मावशे, हिचं तोंड बगू वाटंना, मलाबी वाटंना. पण पाण्यावरून उठवलेलं कसं असतंय, ते मी भोगलंय. दुसऱ्या कुणाला तसं करू नगा.” आणि आपल्या दोराचं टोक माझ्या हातात देत म्हणाली, “धर. लय जड हाय.”

हळूहळू बायका बोलू लागल्या. म्हातारी मात्र शेवटपर्यंत बोलली नाही. तिनं बोलावं, असं म्हणायचा मला हक्क नव्हता.

धनगरीणही ‘माफ केलं’ असं कधी म्हणाली नाही. एकदा तिनं नुसतं “चल” म्हटलं आणि मला माळावरच्या हिवराच्या झाडाखाली नेलं. तिथं दगडांची लहानशी रास होती. “बारसं ऱ्हायलं व्हतं,” ती म्हणाली. मला इतकी वर्षं न आलेलं रडू आलं. ती रडली नाही, तिनं मला थांबवलंही नाही.

मग म्हणाली, “बस जरा. माझे पाय दुखायलेत.” ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथं बसून होतो.