हिरवा ठिपका आणि माझा अबोला

मैत्रिणींनो, गेल्या शनिवारी माझ्या हातून लेक दुखावली. राहवेना, म्हणून इथे लिहितेय.

माझी नेहा मस्कतला नर्स आहे. शनिवारी दुपारी मी वरवंडहून एसटीने दौंडला येते आणि नेट कॅफेत बसून तिच्याशी मेसेंजरवर बोलते. त्या दिवशी तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, पण उत्तर येईना. शेवटी चिडून लिहिलं, "आईसाठी वेळ नसेल तर तसं सांग."

तेवढ्यात वीज गेली. कॅफेवाला म्हणाला, "मावशी, लाईट आता लवकर येत न्हाई. जावा घरी." मी रागातच निघाले.

संध्याकाळी नेहाचा फोन आला. रडून आवाज बसला होता. तिचं नेट आधीच तुटलं होतं, ठिपका मात्र हिरवाच राहिला होता. नेट परत सुरू झाल्यावर तिने माझा मेसेज वाचला, तेव्हा इकडे माझा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि तिला मी हिरवी दिसत होते.

"किती वेळ सॉरी म्हणत होते गं! वाटलं, तू वाचतेयस आणि मुद्दाम बोलत नाहीस."

"अगं वेडे, मी एसटीत होते!"

ती हसली. मला हसू येईना.

ठिपका उशिरा विझतो, हे यंत्राचं झालं. पण आई गप्प राहून शिक्षा करतेय, हे तिला लगेच पटलं. पटणारच. लहानपणी ती चुकली की मी दोन-दोन दिवस अबोला धरायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे.

तुमच्यापैकी कुणी मोठ्या झालेल्या लेकीची माफी मागितली आहे का? सुरुवात कशी केलीत?