खुडलेल्या मंजिऱ्या

लग्नानंतर सहा-सात वर्षांनी एका पावसाळ्यात मी परसातल्या तुळशीच्या, सब्ज्याच्या साऱ्या मंजिऱ्या कात्रीने छाटून टाकल्या. "मंजिऱ्या काढल्या की झाड फोफावतं," असं शहाणपण वर घरभर ऐकवलं. खरं कारण होतं थोरल्या जाऊबाईंची मधपेटी. जो तो त्यांच्या मधाचं कौतुक करायचा आणि माझं पित्त खवळायचं. पावसाने झोडपलेल्या त्या दिवसांत जवळपास दुसरं काही फुललेलं नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आज खिडकीतल्या सब्ज्यावर एक मधमाशी आली. काय तो तोरा! मला अजूनही ही जात आवडत नाही. पण बघत बसले. आपल्याला काढ्यासाठी पानं हवीत, तिला फुलातला रस हवा, जो आपण काढत नाही आणि आपल्याला काढताही येत नाही. इतकी सरळ वाटणी दोन जावांत कधी झाली नसेल. तरी ती ठमाबाई, म्हणजे मीच, कात्री घेऊन मध्ये पडली. स्वतःला फार हुशार समजायची, मेली.

पेटी आठवड्याभरात ओस पडली. पुढे थंडीत माझी पाच वर्षांची लेक खोकून खोकून लालबुंद झाली, आणि मी वाटी घेऊन जाऊबाईंच्या दारात उभी राहिले.

"चमचाभर मध द्या हो, पोरीला चाटवते."

त्यांनी रिकामी बरणी माझ्यासमोर उपडी धरली.

"माशा गेल्या उडून, धाकटे. चावणारी तेवढी घरात राहिली."