बानू हे आमच्या आईचं नाव

भावाच्या मुलीचं बारसं होतं आणि नाव मी ठेवणार होते. आत्याचा मान असतो तो. आमच्याकडे नाव आत्याच ठरवते, पाळण्यात वाकून बाळाच्या कानातही तीच सांगते, आणि तोवर ते कुणी चारचौघांत उच्चारत नाही. मी आमच्या आईचं नाव ठरवलं होतं, बानू. वहिनीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "वन्सं, म्या बी त्येच मनात धरून बसले व्हते."

उमापूरकडे जाणाऱ्या बसमधून आमच्या फाट्यावर उतरले, तर समोर हा एवढा मोठा फ्लेक्स. पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, मधोमध हात जोडलेला भाऊ आणि खालच्या कोपऱ्यात पोरगी. तिच्याखाली 'कुमारी स्वरांजली हिच्या नामकरण सोहळ्यास हार्दिक शुभेच्छा'. पोरीच्या कानात अजून नाव पडायचं होतं आणि अख्ख्या फाट्यानं ते वाचून घेतलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाव कावून बदललं रे?" दारात चपला काढता काढताच मी भावाला विचारलं.

"आक्का, आदी पाणी तर पी."

"पाणी घाल चुलीत."

तेवढ्यात त्याचा एक कार्यकर्ता मोबाइल घेऊन पुढे आला. "ताई, बानू नाव त्या लोकांत लई असतंय. हितं बगा ना. दादाला सरपंचकीला उभं ऱ्हायचंय. विरोधक याचंच भांडवल करतेल."

मोबाइलवर दिसत होतं ते खोटं नव्हतं. फारशीत बानू म्हणजे घरंदाज बाई, आणि ते नाव त्यांच्यात आहेच. पण आमची बानू खंडोबाची. धनगराची लेक, मेंढरं राखणारी, जिच्यापायी देवानं तिच्या बापाच्या घरी चाकरी केली. जागरणात वाघ्यानं तिचं नाव घेतलं की आमच्या घरची माणसं माना डोलावतात. दोन नावं आपापल्या वाटेनं आली आणि सारख्याच अक्षरांत येऊन बसली. त्यात कुणाचं काय गेलं? आणि आईचं नाव त्यांच्याकडून आलेलं असतं, तरी काय बिघडलं असतं? जमीन म्हणताना, वकील म्हणताना या गावात कुणाची जीभ विटाळत नाही.

"तुला सरपंच व्हायचंय न्हवं?" मी ओरडले. "त्यातला सर बी फारशीच हाय. त्यो काढून टाक आन् नुसता पंच हो!"

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. भाऊ हसला नाही. मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, आईचं नाव आता ठावं हाय कुणाला? सारे तिला मायच म्हनायचे. मग आताच कावून लोकांच्या तोंडात द्यायचं?"

हे तो मला समजावत होता. आई गेली त्या वयाची होत आलेली मी, त्याला कडेवर घेऊन वाढवलेली, आणि तो मला सांगत होता की आईचं नाव कुणाला माहीत नाही हे बरंच झालं.

बायकांनी पाळण्यापाशी बोलावलं. मी वाकले आणि पोरीच्या कानात बानू म्हणाले. रीतीप्रमाणे पाठीत धपाटे बसले, त्यातले दोन चांगले लागले. सरळ होते तोच बाहेर माइकवर कार्यकर्त्यानं स्वरांजली म्हणून पुकारलं आणि फटाक्यांची माळ लावली. बाहेर जाऊन माइक हिसकावून घ्यावा असं मला फार वाटलं. मी निघालेही होते. वहिनीनं पदर धरला आणि नुसती मान हलवली. मी संध्याकाळच्या बसनं बीडला जाणार होते, तिला त्याच घरात राहायचं होतं.

भाऊ निवडून आला. पोरीचं नाव फ्लेक्सवरचंच लागलं. परवा वहिनीचा फोन आला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "वन्सं, घरात कुनी नसलं की म्या तिला बानूच म्हनते. पण हळू."

मला बरं वाटलं नाही. त्या 'हळू'नं माझं डोकं पुन्हा फिरलं. साऱ्या माळाला ऐकू जाईल अशी हाक मारून मेंढरं वळवणारी आमची आई, आणि तिचं नाव तिच्याच लेकाच्या घरात दार लावून घ्यायचं.