फिल्टर काढायचा गुरुवार

माझा नवरा ट्रकखाली उताणा पडला होता आणि बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. पायांवरूनच मला कळलं की काहीतरी अडलंय. काम नीट चाललं असलं की तो पायाचे अंगठे हलवत गाणं गुणगुणतो. आता अंगठे ताठ होते आणि गाणंही बंद होतं.

गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे मीही घरी होते. मी एका रबरी सीलच्या कंपनीत तपासणीला आहे. ट्रक तळवड्यात आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत उभा होता. जुना घेतलेला, पण नवऱ्याने त्याला आतून-बाहेरून घासून नवरदेवासारखा केला होता. सर्व्हिसिंग पहिल्यांदाच घरी करायचं ठरलं होतं. ऑइल काढून झालं होतं, जुना फिल्टर काढला की नवा लावायचा, नवं ऑइल ओतायचं, संपलं. पण फिल्टर हलेना. आधीच्या मालकाच्या माणसाने तो पान्याने इतका आवळला होता की जणू पुन्हा कुणी काढूच नये.

"स्क्रू ड्रायव्हर दे गं मोठा," खालून आवाज आला. "आणि हातोडी. आरपार खुपसतो आणि फिरवतो."

"आणि पत्रा फाटला तर?"

"फाटत नाही."

"फाटला तर पकडायला काय उरेल?"

इंजिनात ऑइल नाही, म्हणजे ट्रक जागचा हलवता येणार नव्हता, मिस्त्रीकडेही नेता येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणहून माल उचलायचा होता. मी हातोडी पाठीमागे धरून उभी राहिले. तेवढ्यात आईचा फोन आला, जेवायला येताय का म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. आईचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही.

"स्क्रू ड्रायव्हर?" मागून अप्पा ओरडले. "त्याला म्हणावं हात लावू नको! मी येतोय."

आता इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. अप्पा, म्हणजे माझे वडील, धाराशिवकडून तरुणपणी इकडे आले आणि आकुर्डीतल्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे हत्यारं बनवायच्या खात्यात, लागले. तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं होती, पर्मनंट आणि बाकीची. माझा नवरा चाकणला एका कंपनीत पर्मनंट होता आणि त्याने ती नोकरी सोडून ट्रक घेतला. त्या दिवसापासून अप्पा त्याच्याशी थेट बोलत नव्हते. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. फक्त सगळं माझ्यामार्फत. जावई समोर बसलेले असताना मला म्हणायचे, "जावयांना म्हणावं, चहा घ्या." आणि नवराही तसाच. "मामांना सांग, साखर कमी चालेल." मी मधे बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची. ट्रकजवळ तर अप्पा कधी फिरकलेही नव्हते.

ते रिक्षाने आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. ट्रकभोवती एक चक्कर मारली, टायरवर हात थोपटला, खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "त्यांना विचार, नवा फिल्टर आणलाय का?"

पायांनी उत्तर दिलं, "मामांना सांग, केबिनमधे आहे."

"चल," अप्पा मला म्हणाले. "तो घे आणि गाडी काढ. पाना काय अंदाजाने आणायचा असतो व्हय?"

मग आम्ही बापलेक माझ्या स्कूटरवरून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत निघालो. मागे अप्पा आणि त्यांच्या मांडीवर तो फिल्टर, बारशाला निघालेल्या बाळासारखा. खड्डा आला की ते माझा खांदा सोडून फिल्टरच धरत.

दुकानदार तरुण होता, पण हौशी. त्याने काउंटरवर एकेक वस्तू मांडली. एक साखळीचा पाना, एक तीन नख्यांचा, जो वरून पकडून फिरवला की आवळत जातो. एक नुसता कप, फिल्टरच्या बुडावर टोपीसारखा बसणारा. आणि एक जाड पट्ट्याचा, ज्याच्या डोक्यात रॅचेटचा, एकाच दिशेने आवळणारा दांडा घालून पट्टा गुंडाळत न्यायचा.

अप्पांचे डोळे असे चमकले की मला लहानपणीची दिवाळी आठवली. कंपनीच्या मिठाईचा डबा उघडताना ते असेच दिसायचे. त्यांनी कप उचलला, फिल्टरवर बसवला. टक् करून बसला. "बघ," ते म्हणाले. "जसा मापाचा तसा. ह्याला म्हणतात हत्यार. सगळीकडून सारखा जोर. पत्र्याला ओरखडा नाही."

"आणि हा?" मी पट्टा उचलला.

"ते काय, कंबरपट्टा. घसरतो."

"पण अप्पा, हा कुठल्याही मापाला चालेल."

"जे कुठल्याही मापाला चालतं ते कुठल्याच मापाला नीट चालत नाही."

मी पट्टा फिल्टरभोवती घातला आणि दांडा फिरवला. तो सापासारखा आवळत गेला. माझ्या हाताला तो आवडला, याहून मोठं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं. दुकानदार हसत म्हणाला, "काका, दोन्ही न्या. जो लागणार नाही तो ऑइल न लावता परत आणा." अप्पांनी कप स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि पट्टा मला धरायला दिला.

आम्ही पोचलो तोवर नवऱ्याने शेजारच्या ड्रायव्हरकडून साखळीचा पाना मिळवला होता. तो खाली झोपून साखळी फिल्टरला गुंडाळत होता. गुंडाळली, पण दांडा फिरवायला जागाच नव्हती. जेमतेम बोटभर हलायचा आणि चेसिसला टण् करून आपटायचा.

"त्यांना सांग, बाजूला व्हा," अप्पा म्हणाले. मग त्यांनी चपला काढल्या, चष्मा पुसला आणि मी नको नको म्हणेपर्यंत ट्रकखाली सरकले. इस्त्रीच्या शर्टासकट! आता चार पाय दिसत होते. दोन काळवंडलेले, दोन स्वच्छ धुतलेले.

आतून कप दोन-तीनदा खटखटला. मग अप्पांचा आवाज, एकदम बारीक. "बसंना गं."

"काय झालं?"

"पैलू वेगळे आहेत. हा जुना दुसऱ्याच कंपनीचा हाय. नव्यावर बसला, ह्याच्यावर बसत न्हाई."

अप्पांची गावाकडची भाषा बाहेर आली म्हणजे त्यांना मनापासून वाईट वाटलंय, हे आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक. मी वाकून बघितलं. ते तो कप छातीवर ठेवून पडले होते. आणि शेजारी माझा नवरा, जो इतके दिवस त्यांच्याकडे सरळ बघतही नव्हता, तो म्हणाला, "मामांना सांग, कुणालाही असंच वाटलं असतं. मीसुद्धा हाच आणला असता."

मी हे पोचवलं नाही. दोघांच्या डोक्यात वीतभर अंतर होतं.

मग मी पट्टा आत दिला. नवऱ्याने तो चढवला, दांडा फिरवला. पट्टा आवळला आणि सर्रकन घसरला. फिल्टरवर ऑइलचा थर होता. मी चिंध्या दिल्या, त्यांनी पुसला, परत घसरला. अप्पा म्हणाले, "मी म्हणलं नव्हतं? कंबरपट्टा!"

मला लोणच्याच्या बरणीचं झाकण आठवलं. ते निघालं नाही की मी रबराचा हातमोजा घालून फिरवते. कोपऱ्यावर पंक्चरवाला होता. त्याच्याकडून जुन्या ट्यूबची एक रुंद पट्टी कापून आणली आणि आत सरकवली. "हे आधी गुंडाळा. वरून पट्टा."

"ट्यूब कोण धरणार?" नवरा म्हणाला.

"मी धरतो," अप्पा म्हणाले.

"जरा वर धरा."

"धरलंय की!"

"अहो मामा, वर म्हणजे माझ्याकडे!"

"मग तसं सांगा ना राव! हां, आता ओढा. सावकाश. झटका नको."

"तुमचं बोट काढा मधून."

"माझं बोट मी बघतो. तुम्ही ओढा!"

मी बाहेर उकिडवी बसले होते. दोघांनाही कळलं नव्हतं की ते एकमेकांशी बोलतायत. मी श्वाससुद्धा हळू घेतला. मी काही बोलले असते तर दोघांना आठवलं असतं आणि पुन्हा मला मधे घेतलं असतं.

मग आतून एक आवाज आला, वाळलेली शेंग फुटल्यासारखा. कट्ट्!

"हलला!" दोघं एकदमच ओरडले.

"थांबा, खाली डबा ठेवा," असं नवरा म्हणेपर्यंत अप्पांनी उत्साहात फिल्टर हाताने भराभर फिरवला आणि आत साठलेलं उरलेलं ऑइल त्यांच्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं. आधी अप्पा हसले. मग नवरा. ट्रकखाली दोन माणसं अशी खिदळत होती की शेजारचा ड्रायव्हर दाढी करता करता बघायला आला.

अप्पा बाहेर आले ते जुना फिल्टर पोटाशी धरून. मी तो घेऊन आधी त्याची रबरी रिंग बघितली. माझा हात त्या कामाला बसलेला आहे. रिंग जाग्यावर नव्हती. "आत चिकटून राहिलीय," मी म्हणाले. "तिच्यावर नवा लावला तर गळेल." नवऱ्याने बोट फिरवून ती काढली. मग नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑइलचं बोट लावलं आणि तो हाताने बसवला. अप्पांनी पट्ट्याकडे हात नेला, मग स्वतःच मागे घेतला. "नको. हातानंच आवळा. पुढच्या वेळी आपल्यालाच काढायचाय."

आपल्यालाच. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

नवं ऑइल ओतलं. इंजिन सुरू केलं. आम्ही तिघं वाकून फिल्टरकडे बघत राहिलो. एक थेंबही नाही. अप्पांनी खाली वर्तमानपत्र पसरून खात्री केली, ते कोरडंच राहिलं.

"चला, सोडतो तुम्हाला घरी," नवरा त्यांना म्हणाला. थेट त्यांना. "गाडी गरम झाल्यावर परत एकदा तपासायलाही हवंच."

अप्पा केबिनमधे चढले. मी मधे बसायला गेले तर त्यांनी मला खिडकीकडे ढकललं आणि स्वतः गिअरजवळ बसले, दोघांना बोलता यावं म्हणून. तळवड्यापासून आकुर्डीपर्यंत मला एकही शब्द बोलावा लागला नाही. भाडं कुठलं मिळतं, परतीला गाडी रिकामी येते का, क्लच जड आहे का, अप्पा विचारत होते आणि नवरा सांगत होता. निगडीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा अप्पा म्हणाले, "उंचावरून बरं दिसतं की सगळं." मग जरा वेळाने, "हॉर्न कसा हाय?"

नवऱ्याने वाजवला. पुढचा स्कूटरवाला दचकून मागे बघायला लागला. अप्पांनी त्याला पुढच्या काचेतून हात जोडले आणि पोट धरून हसले.

त्यांच्या इमारतीसमोर बाकावर त्यांचे निवृत्त मित्र बसले होते. अप्पांनी ट्रक मुद्दाम बाकाजवळ उभा करायला लावला. काखेपर्यंत काळा झालेला शर्ट मिरवत ते खाली उतरले. "सर्व्हिसिंग करून आलो," त्यांनी जाहीर केलं. "जावयांची गाडी."

वरून आईने शर्ट पाहिला. ती जिन्यावरून बोलत बोलतच खाली आली. डाग कसा निघणार, वय काय, हे काय वागणं. ट्रकपाशी आली आणि गप्प झाली. मान वर करून तिने केबिनकडे बघितलं, मग पदर कमरेला खोचला.

"मला कुठे बसवताय?" ती जावयाला म्हणाली. "देहूपर्यंत तरी जाऊन येऊ."

मी खालून ढकललं, अप्पांनी परत चढून वरून हात दिला, आणि पायरी उंच आहे म्हणून आईने ट्रक बनवणाऱ्या कंपनीवाल्यांना जे काही ऐकवलं ते ऐकून बाकावरची सगळी मंडळी उठून मदतीला आली.