एवारिस्तो पंपुरींचे प्रभातगोलक

एवारिस्तो पंपुरींची बेकरी चर्चच्या बरोबर समोर होती. त्यांच्या वडिलांनी तीच भट्टी चालवली, पण रस्ता ओलांडून चर्चच्या पायऱ्या ते कधी चढले नाहीत. ते देव, सरकार काहीच न मानणारे संपवाले होते. आमच्या गोड पावांची नावं असल्याच बेकरी कामगारांनी पाडली म्हणतात, देव, पोलीस आणि लष्कर यांना एकाच ट्रेमध्ये भाजून काढायला. आटवलेल्या दुधाचा गर भरलेली नळी म्हणजे तोफ. साखर लावलेला लांबट पाव म्हणजे हवालदार. आणि तळून, आत मुरंबा भरून साखरेत घोळलेला, टम्म फुगलेला गोळा म्हणजे पाद्रीबाबाची गोटी. सगळा आर्जेंटिना या गोट्या सकाळी ‘माते’ नावाच्या कडू चहाबरोबर खातो आणि कुणाला काही वाटत नाही.

एवारिस्तोंना मात्र वाटायला लागलं. पैसा झाला होता, पोट सुटलं होतं, आता प्रतिष्ठा तेवढी राहिली होती. त्यांची एकच इच्छा होती: मिरवणुकीत बिशपसाहेबांच्या डोक्यावर जे छत्र धरतात, त्याची एक काठी आपल्या हातात यावी. त्या वर्षी पंचवीस मेच्या राष्ट्रीय सणाला बिशप आमच्या गावी येणार असं कळलं, आणि न्याहारीचं काम एवारिस्तोंकडे आलं. रात्रभर त्यांना झोप नाही. बिशपसाहेबांच्या ताटलीत पाद्रीबाबाच्या गोट्या वाढायच्या कशा?

सकाळी दुकानात नवा फलक लागला. तोफेची क्षीरनलिका झाली होती, हवालदाराचा शर्करादंड, आणि गोट्यांचे प्रभातगोलक. जुन्या नावाने माल मिळणार नाही, असं खाली ठळक लिहिलं होतं.

पहिला भडका उडाला तो निवृत्त हवालदार लेदेस्मांचा. कित्येक वर्षं ते रोज येऊन स्वतःच्याच खात्याचे दोन हवालदार मागत आणि स्वतःच हसत. आता त्यांना दंड मागावा लागला. आयुष्यभर तो हातात धरला, आता खायचा का, असं म्हणून ते तणतणत निघून गेले. एवारिस्तोंच्या बायकोने, नेलिदाने, यातून वाट काढली. नवरा भट्टीपाशी गेला की ती जुन्या नावाने विकायची, आणि तो बाहेर आला की गिऱ्हाइकं मुकाट्याने बोटाने दाखवायची.

मग एके दिवशी, दुकान भरलेलं असताना, एर्मिंदाबाई आल्या. या बाई एंपानादा, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, करून विकायच्या आणि त्यांच्या जिभेलाही तिखट भरपूर असायचं. एवारिस्तो समोरच उभे होते.

"अर्धा डझन द्या हो," बाई म्हणाल्या.

"कशाचे?"

"पाद्रीबाबांच्या तर तुम्ही काढून घेतल्यात. मग तुमच्याच द्या. एवारिस्तोच्या."

कोणी हसलं नाही, हेच वाईट झालं. मागच्या बाईने गंभीरपणे तेच मागितलं, तिच्या मागच्याने ताज्या आहेत का विचारलं. आठवडाभरात गावात दुसरा शब्द उरला नाही.

एवारिस्तोंनी सगळं गिळलं, कारण पंचवीस मे जवळ आला होता. आमच्याकडे मेमध्ये हिवाळा तोंडावर असतो; त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. चर्चच्या अंगणात पांढऱ्या कापडावर त्यांनी प्रभातगोलकांचा डोंगर रचला आणि शेजारी नवा कोट घालून स्वतः उभे राहिले. बिशपसाहेब आले, डोंगराकडे त्यांनी फार प्रेमाने पाहिलं, आणि त्यांचा सेक्रेटरी हलकेच म्हणाला, "साहेबांना साखरेचा आजार आहे." नाव विचारायची वेळच आली नाही. बिशप वळले ते थेट एर्मिंदाबाईंच्या टोपलीकडे. झग्यावर रस सांडू नये म्हणून पाय फाकवून, पुढे वाकून, त्यांनी चार एंपानादा संपवल्या. छत्राची काठी मिळाली हवालदार लेदेस्मांना, कारण ते उंच होते.

दुसऱ्या दिवशी फलक उतरला आणि जुनी नावं परत लागली. पण गावाला आता ‘एवारिस्तोच्या’ म्हणायची गोडी लागली होती. तेव्हा जे दृश्य दिसलं ते मी स्वतः पाहिलंय: चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा हा सभ्य गृहस्थ, भर दुकानात म्हाताऱ्या बायकांना हात जोडून विनवत होता की बायांनो, पाद्रीबाबाच्या गोट्या म्हणा हो, एकदा तरी म्हणा. बायका छातीवर क्रूसाची खूण करून म्हणायच्या, छे, असलं अभद्र आमच्या तोंडून निघायचं नाही.

शेवटी ते समोरच्या चर्चच्या पाद्रे उगार्तेंकडे गेले. प्रवचनात लोकांना दोन शब्द सांगा म्हणाले. पाद्रे म्हातारे होते, घाई त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी माते चहाचा एक घोट घेतला.

"एवारिस्तो, इतकी वर्षं हा भार आम्ही वाहिला," ते म्हणाले. "आता जरा तुम्ही वाहा."

एवारिस्तो घरी आले ते थेट भट्टीपाशी गेले. नेलिदाला वाटलं, हा आता तो पदार्थच बंद करणार. तसं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यापासून गोट्या आधीपेक्षा चांगल्याच मोठ्या निघू लागल्या, आतला मुरंबाही वाढला. तिने कारण विचारलं, तर पिठात हात तसेच ठेवून ते म्हणाले, "नाव आपलं लागतंय. लहान कशाला करायच्या?"