माझा आवाज काढणारी बाई

माझा भाऊ तामोत्सु चोपन्न वर्षांचा आहे आणि त्याला गप्पा मारता येतात, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं. तेही भर सभेत, शंभर-दीडशे लोकांसमोर, दुसऱ्याच एका बाईशी बोलताना.

घरी तो बोलत नसे. ‘हं’, ‘नको’ आणि ‘झालं’ या तीन शब्दांवर त्याने माझ्याकडे बावीस वर्षं काढली.

मी किनुए. मच्छीमारांच्या सोसायटीत कोंबू निवडते. समुद्रातलं हे पट्ट्यापट्ट्यांचं शेवाळ वाळलं की पट्टा हातात घ्यायचा, वाकवून बघायचा आणि प्रत लावायची. चाळीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे कोंबूच्या बाबतीत मला कुणी शिकवू शकत नाही. भावाच्या बाबतीतही कुणी शिकवू नये असं मला वाटत असे.

तामोत्सु एकोणीस वर्षांचा असताना साल्मन खारवायच्या शेडमध्ये कामाला होता. एका सकाळी कामावर जाताना नदीच्या पुलाशी थांबला, तो पाच तास थांबला. खांद्यांवर बर्फ साचलं होतं. मी आणि आईने हाताला धरून त्याला घरी आणला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. अकरा वर्षं तो दवाखान्यात होता. पुढे आई गेली आणि मी त्याला घरी घेऊन आले. मधल्या काळात कुशिरोहून मला एक स्थळ आलं होतं. त्यांनी भावाबद्दल ऐकलं आणि पुन्हा निरोप आला नाही. त्याचं मी दुःख केलं नाही, निदान तामोत्सुसमोर तरी नाही.

सकाळी उठवणं, गोळ्या, अंघोळ, दवाखाना, सगळं मी केलं. “आवाज काय म्हणतात रे तुला?” असं कितीदा विचारलं असेल. “नको,” म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा.

दोन वर्षांपूर्वी मुकाई आमच्या घरी आला. तो गावात अशा आजारी माणसांचं एक सामायिक घर चालवतो. सगळे मिळून स्वयंपाक करतात, कोंबूची पाकिटं भरतात. मुकाई म्हणाला, “दोन वर्षं राहू दे त्याला आमच्याकडे. मग पुढचं त्यालाच विचारू.” मी कबूल झाले, कारण माझी कंबर तेव्हा धरली होती. आणि त्याला विचारायचं काय, दोन वर्षं झाली की तो घरीच येणार, असं मी धरूनच चालले होते.

मुकाईच्या घरात औषधं आहेत, डॉक्टरही येतात, पण तिथे मुख्य काम म्हणजे अभ्यास. दर सोमवारी सगळे फळ्यासमोर बसतात आणि ज्याचा त्याने आपला आजार तपासायचा. डॉक्टरांनी दिलेलं नाव डॉक्टरांच्या कागदावर. इथे आपलं नाव आपण ठेवायचं. माझ्या भावाने ठेवलं होतं, ‘पुढे जाऊ का त्रास, पूल प्रकार’. हे कळल्यावर मी हसले नाही. पस्तीस वर्षं ज्याच्यापायी घालवली, त्याचं बारसं करताना मला बोलावलंसुद्धा नाही.

एका सोमवारी मी मुद्दाम जाऊन बसले. फळ्यापाशी खडू घेऊन चिसातो उभी होती. ही हाकोदातेला शाळामास्तरीण होती. पोरांच्या वह्या तिच्याशी बोलायला लागल्या तेव्हा नोकरी सुटली. अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, आणि हसली की खिडकीची काच हलते.

“या ना ताई, पुढे बसा,” ती म्हणाली.

ताई. मला ताई म्हणणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो तिच्या शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होता.

“आधी काय होतं?” चिसातोने त्याला विचारलं.

“पाय थांबतात.”

“भीती वाटते म्हणून?”

“नाही. पाय आधी. मग छाती धडधडते. छाती एवढी धडधडतेय म्हणजे काहीतरी भयंकर असणार, असं मला वाटतं. मग ती बोलते. भीती सगळ्यात शेवटी.”

चिसातोने पाय, छाती, ती आणि भीती एकाखाली एक लिहून बाण काढले. मी बघत राहिले. बावीस वर्षं मी त्याला ‘घाबरू नकोस, घाबरू नकोस’ म्हणत होते, म्हणजे भलत्याच टोकाला औषध लावत होते. पण मला टोचलं ते हे नाही. मला न सांगितलेलं त्याने तिला सांगितलं, हे टोचलं. मुकाई म्हणाला, पाहुण्यांनीही बघावं, राग-लोभ अंगात कुठून सुरू होतात ते. माझं मला लगेच सापडलं. आधी दाढा आवळतात, मग कान तापतात. त्यानंतर समजतं की मी जळते आहे.

“ती म्हणजे कोण?” निघताना मी चिसातोला विचारलं.

“त्याने तुम्हाला सांगितलं नाही?” तिला खरंच नवल वाटलं होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलटून बोलता आलं असतं. घरी जाऊन मुळा किसताना बोट सोलून घेतलं.

कोंबूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकाईची मंडळी दर वर्षी गावच्या सभागृहात मेळावा भरवतात. ज्यांना भास होतात ते आपापला भास सगळ्यांसमोर सांगतात. परगावची माणसं हे बघून बावरतात, आम्ही डबे घेऊन जातो. यंदा तामोत्सुचं नाव होतं, आणि त्याच महिन्यात दोन वर्षं संपत होती. मी त्याची खोली झाडली, पडदे धुतले, नवी गादी आणली. मेळावा संपला की त्याला घेऊनच घरी यायचं, असं ठरवून तिसऱ्या रांगेत बसले.

तामोत्सु इस्त्रीचा शर्ट घालून आला. इस्त्री मी केलेली नव्हती. त्याच्यामागून एप्रन बांधून चिसातो आली.

“माझ्याकडे एक बाई येते,” तो माइकमध्ये म्हणाला. “दिसत नाही, बोलते. आज ती चिसातो होणार आहे.”

चिसातोने कमरेवर हात ठेवले. “गॅस बंद केलास का? मफलर कुठाय? लोक बघतायत, समजतंय का? तू बस. तू बस, मी बोलते त्यांच्याशी.”

सभागृह हसलं. ही माझी वाक्यं होती. क्रमसुद्धा माझाच. ‘तू बस’च्या आधी मी नाकाने श्वास ओढते, तोही तिने ओढला. मी आजूबाजूला पाहिलं. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

“आलीस?” तामोत्सु तिला म्हणाला. “बस जरा. तुला काळजी वाटते ते कळतं मला. पण आज पाकिटं भरायची आहेत, खोळंबा झालाय. तू संध्याकाळी ये. दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगेन.”

आता खरं म्हणजे मला लाज वाटायला हवी होती. भावाच्या डोक्यात आपण शिरून बसलो, बाहेर निघालोच नाही, हे ऐकल्यावर कुणाही शहाण्या बाईला वाटली असती. माझ्या मात्र दाढा आवळल्या. चिसातोचा हेवा होताच. पण त्याहून जास्त हेवा वाटला तो त्या डोक्यातल्या बाईचा. आवाज माझा, शब्द माझे, आणि संध्याकाळच्या गप्पा तिच्याशी. माझ्या घरात एवढ्या संध्याकाळी गेल्या, त्यातली एक तरी मला द्यायची होतीस.

मी उभी राहिले. “ती असं म्हणत नाही.”

“मग कसं म्हणते?” मुकाईने शांतपणे विचारलं.

“मी दाखवते.”

मंचावर गेले आणि चिसातोपुढे हात केला. तिने एप्रन काढून दिला, वर माझ्यामागे जाऊन गाठही बांधून दिली. तेही मला आवडलं नाही.

“तामो,” मी म्हटलं, “दोन वर्षं झाली. खोली तयार आहे. नवी गादी आणलीय. सामान घे आणि चल.”

हसणं थांबलं. तामोत्सुचे पाय थांबले. दोन्ही अंगठे आत वळले, जागच्या जागी रुतल्यासारखे. इतकी वर्षं ते मी बघत आले होते, पण या वेळी पुढे काय होणार ते मला माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिले. त्याने छातीवर हात ठेवला.

“मी येणार नाही, ताई.”

छातीवरचा हात तसाच ठेवून तो पुढे बोलला.

“इथे मी उशिरा उठलो तर कुणी दारात उभं राहत नाही. पुलावर चिसातो आधी पलीकडे जाते आणि तिथे थांबते. मग मी जातो. कधी अर्ध्या तासाने जातो. तू हात धरायचीस. हात धरला की माझे पाय अजून घट्ट व्हायचे. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.”

एवढं तो माझ्याशी आयुष्यात बोलला नव्हता. आता मी मफलरचं काहीतरी म्हणायला हवं होतं, तो खेळच तसा होता.

“मग माझं काय?” मी म्हणाले.

तामोत्सुने माझ्याकडे पाहिलं, मग मुकाईकडे. “हे ती कधीच म्हणाली नव्हती.”

“कोण?”

“ती. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. याचा अभ्यास आपण केलेला नाही.”

मुकाईने माइक बंद केला. चिसातो हसली नाही, एवढं तिच्या खात्यात मी धरते. तामोत्सुने स्वतः एक खुर्ची आणून माझ्याजवळ ठेवली आणि समोर दुसरी ओढून बसला.

“रविवारी जेवायला येतो,” तो म्हणाला. “राहायला नाही.”

“चिसातोला घेऊन?”

“तिला रविवारी काम असतं.”

“आणि ती दुसरी?”

“ती विचारून येत नाही.”

“येऊ दे. पण मी समोर असताना तिच्याशी बोलायचं नाही. जे काय असेल ते माझ्याशी.”

तो विचारात पडला. “तू ऐकशील?” त्याने विचारलं. “ती ऐकते.”

‘तू बस’ म्हणायला मी नाकाने श्वास ओढला, आणि त्याने आणलेल्या खुर्चीत मीच बसले. दिवसभरात काय काय झालं ते तो सांगायला लागला.