झेलिगमानची सुरी

झेलिगमान ज्यूचं दुकान माझ्या दुकानासमोर होतं आणि वीस वर्षं ते माझ्या डोळ्यांत सलत होतं. उगाच आडपडदा कशाला? वर्म्स गावच्या बाजारात मी खाटीक, माझा बाप खाटीक. रांग मात्र त्याच्या दारात!

ज्यूंची रीत अशी की, कापण्याआधी सुरीची धार नखावर फिरवून बघायची. जराशी जरी खाच लागली तरी ती सुरी बाजूला. पुढे जनावराच्या फुप्फुसात खोट दिसली तर ते मांस त्यांना चालत नाही. ते आम्हा ख्रिस्ती लोकांना स्वस्तात विकायचं. मांस चांगलं असायचं, हेच तर माझं दुखणं. त्यांनी नाकारलेलं आणायला आमच्या बायका धावायच्या. माझी इर्मेलसुद्धा.

एकदा रस्सा भुरकून मी म्हणालो, "बघ, माझ्या दुकानातलं मांस कसं लागतं!"

इर्मेल हसत सुटली. "अहो, झेलिगमानकडचं आहे ते. तुमचं काल कुत्र्यानंसुद्धा हुंगून सोडलं."

त्या दिवशी मी ताटावरून उठलो.

बरं, माणूस शिव्या घालाव्यात असाही नव्हता. बुटका, सदा काहीतरी गुणगुणणारा. बायको बाळंतपणात गेली, तर दोन्ही पोरी त्यानं एकट्यानं वाढवल्या. माझ्या सुऱ्यांनाही तोच धार लावून द्यायचा, फुकट. "गेर्लाख, ही सुरी आहे का करवत रे?" असं वर चिडवायचा. त्याचे उपकारही मला झोंबायचे.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, पाद्रीबाबा गरजले, "आपल्या प्रभूला क्रुसावर चढवलं ते ह्यांनीच! आणि तुम्ही ह्यांनी टाकलेलं खाता?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बसला हा घरी!

कसला बसतोय! चाळीस दिवसांचा बिनमांसाचा उपास सुटला, ईस्टरचा बाजार भरला, तर रांग पुन्हा त्याच्याच दारात. त्या रांगेत इर्मेल. माझं डोकं फिरलं. मी भर बाजारात ओरडलो, "आपल्याला द्यायच्या मांसावर हा थुंकतो! मी डोळ्यांनी पाहिलंय!"

मी काहीही पाहिलं नव्हतं.

नगरसभेनं बोलावलं. क्रुसावर हात ठेवून मी तेच सांगितलं. झेलिगमान माझ्याकडे बघत म्हणाला, "गेर्लाख, वीस वर्षं समोर बसतोयस. एकदा तरी थुंकलो का रे?" मी खाली बघितलं. तीन दिवसांत त्यानं गाव सोडावं, असा हुकूम निघाला.

जायच्या सकाळी तो पोरींना घेऊन माझ्या दारात आला. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार. त्यानं फडक्यातून एक सुरी काढली. माझीच होती, उपासाआधी धार लावायला दिलेली, मी विसरूनही गेलो होतो.

"नखावर फिरवून बघ," एवढंच म्हणाला आणि पोरींचे हात धरून चालू लागला.

फिरवली. कुठेही खाच नव्हती. जाता जाताही हा माझ्यापेक्षा वरचढ! मी ती सुरी उंबऱ्याच्या दगडावर घासघासून बोथट केली.

आता रांग माझ्या दारात असते. मांस चिवट आहे म्हणून बायका कुरकुरतात, पण जातील कुठे? इर्मेलनं मांस सोडलंय; का ते मी विचारत नाही. रोज सकाळी कापण्याआधी, कोणी बघत नाही असं पाहून, मी सुरी नखावर फिरवतो. खाच लागतेच.